ऊर्जेची अक्षय्यता : टिकते ते नेमके काय?

ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही. तिचे रूप पालटते आणि एकूण मात्रा तेवढीच राहते. शालेय भौतिकशास्त्रात ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणात येणारा हा नियम ऐकताना तत्त्वज्ञानाच्या सिद्धान्तासारखा वाटतो. त्यामुळे त्याच्यावर आजवर अनेक ओझी लादली गेली. कोणी त्यावरून आत्मा अमर असल्याचे सिद्ध केले, कोणी ईश्वराची गरज उरली नसल्याचे, तर कोणी माणसाला इच्छास्वातंत्र्य नसल्याचे. यांपैकी कोणता निष्कर्ष नियमाला पेलतो हे ठरवायचे, तर टिकते ते नेमके काय आणि ते टिकते हे कसे कळले, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

यांत्रिक ऊर्जा आणि एकूण ऊर्जा

गतीमुळे वस्तूला मिळते ती गतिज ऊर्जा, स्थानामुळे किंवा आकार बदलल्यामुळे साठते ती स्थितिज ऊर्जा. दोहोंची बेरीज म्हणजे यांत्रिक ऊर्जा. २ किलोग्रॅम वस्तुमानाचा दगड जमिनीपासून २० मीटर उंचीवर धरला आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग मानले, तर त्याची स्थितिज ऊर्जा ४०० ज्यूल होते. दगड सोडल्यावर १० मीटर उंचीवर आला की स्थितिज ऊर्जा २०० ज्यूल उरते आणि गतिज ऊर्जा २०० ज्यूल झालेली असते. जमिनीला टेकण्याच्या क्षणी वेग २० मीटर प्रति सेकंद असतो, स्थितिज ऊर्जा शून्य असते आणि गतिज ऊर्जा ४०० ज्यूल. वाटेत कुठेही मोजले तरी बेरीज तीच येते.

ही बेरीज कायम राहण्याला मात्र अट आहे. गुरुत्वबल किंवा स्प्रिंगचे बल यांसारख्या बलांनी केलेले कार्य फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थानांवर अवलंबून असते, मधल्या वाटेवर नाही. केवळ अशीच बले कार्य करत असतील तोवर यांत्रिक ऊर्जा कायम राहते. घर्षण किंवा हवेचा अवरोध आला की ती घटते. वरचा दगड जमिनीवर आदळून थांबला की त्याची यांत्रिक ऊर्जा शून्य होते. ते ४०० ज्यूल दगड आणि माती किंचित तापण्यात, माती दबण्यात आणि आवाजात गेलेले असतात. म्हणजे यांत्रिक ऊर्जेची अक्षय्यता सशर्त आहे. एकूण ऊर्जेच्या नियमाला घर्षणाची अडचण नाही, कारण त्यात उष्णतेचाही हिशेब धरला जातो. परीक्षेतल्या बऱ्याच चुका या दोन विधानांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. इतिहासातही या दोहोंमध्ये सुमारे दीड शतकाचे अंतर आहे.

आणखी एक गोष्ट पुढच्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे. उंची जमिनीऐवजी विहिरीच्या तळापासून मोजली तर त्याच दगडाची स्थितिज ऊर्जा जास्त भरते. धावत्या आगगाडीत मांडीवर ठेवलेल्या पिशवीची गतिज ऊर्जा प्रवाशाच्या दृष्टीने शून्य असते, फलाटावर उभ्या असलेल्याच्या दृष्टीने नसते. दोघांचेही गणित बरोबर असते, कारण प्रत्येकाने आपली मोजमापाची चौकट शेवटपर्यंत धरून ठेवली तर प्रत्येकाची बेरीज कायम राहते. तेव्हा ऊर्जा ही वस्तूत भरून ठेवलेली एखादी चीज मानता येत नाही. अनेक वस्तूंच्या परस्परसंबंधातून, ठरावीक रीतीने काढलेली ती एक राशी आहे.

भारतीय दर्शनांतील प्रश्न

जे नाही ते उपजू शकते का, आणि जे आहे ते नाहीसे होऊ शकते का, हा वाद भारतीय दर्शनांत फार जुना आहे. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य कारणात आधीपासूनच अव्यक्त रूपात असते. तेल तिळात असते म्हणूनच ते तिळातून निघते, वाळूतून निघत नाही. न्याय-वैशेषिकांनी हे नाकारले. त्यांच्या मते घट ही मातीपेक्षा वेगळी, नव्याने उत्पन्न झालेली वस्तू आहे. बौद्धांच्या क्षणिकवादात तर एका क्षणातून दुसऱ्या क्षणात टिकून राहणारे काहीच नसते.

यांपैकी सत्कार्यवाद ऊर्जेच्या नियमाच्या सर्वांत जवळचा वाटतो. पण तो द्रव्याबद्दल आणि कार्यकारणाबद्दल बोलतो, कोणत्याही मोजलेल्या राशीबद्दल नाही. गतीचा बारकाईने विचार वैशेषिकांनी केला. त्यांच्यातील आचार्य प्रशस्तपाद यांनी ‘वेग’ हा संस्काराचा एक प्रकार मानला. तो आघाताने उत्पन्न होतो, वस्तूला पुढे नेत राहतो आणि शेवटी नाहीसा होतो. तो अन्य रूपात शिल्लक राहतो असे त्यांनी मानले नाही.

टिकणारी राशी ठाऊक नसली की काय शक्य वाटते, हे स्वयंवह यंत्रांवरून दिसते. भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. चाकाच्या पोकळ आऱ्यांत अर्ध्यापर्यंत पारा भरायचा, म्हणजे तो एका बाजूला सरकून चाक फिरवत राहील, अशी ती कल्पना. असे चाक प्रत्यक्षात सतत फिरू शकत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, ते हेच भास्कराचार्य. त्यांच्या गणिती प्रतिभेत काही उणे नव्हते. असे यंत्र अशक्य ठरवणारा नियम त्या काळी जगात कुठेच नव्हता. युरोपातही पुढे शतकानुशतके अशी यंत्रे रचली जात राहिली. अखेर १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने निरंतर गतीच्या यंत्राचे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत असे ठरवले.

देकार्त आणि लाइबनित्स

विश्वातील गतीचे प्रमाण कायम असते, हे स्पष्ट विधान रने देकार्त यांनी १६४४ मधील ‘तत्त्वज्ञानाची तत्त्वे’ या ग्रंथात केले, आणि त्याचा आधार उघडपणे धार्मिक होता. ईश्वर अपरिवर्तनीय आहे. सृष्टी निर्माण करताना त्याने तिच्यात जेवढी गती घातली तेवढीच तो राखतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ही गती त्यांनी वस्तूचा आकार आणि तिची चाल यांच्या गुणाकाराने मोजली. दिशा त्यांनी त्यात धरली नाही.

गोटफ्रिड लाइबनित्स यांनी १६८६ मध्ये या मापावरच हल्ला चढवला. १ एकक वजन ४ एकक उंच उचलायला जेवढे कष्ट पडतात, तेवढेच ४ एकक वजन १ एकक उंच उचलायला पडतात. म्हणून या उंचींवरून पडलेल्या दोन्ही वस्तूंत खाली येताना सारखेच सामर्थ्य असले पाहिजे. गॅलिलिओंच्या नियमानुसार पडण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे पहिल्या वस्तूचा वेग २ आणि दुसरीचा १. देकार्तच्या मापाने पहिलीची गती २ भरते आणि दुसरीची ४. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणले तर दोन्हीकडे ४ येतात. देकार्तचे माप खरे मानले तर दुसऱ्या वस्तूची सगळी गती पहिलीला देऊन तिला ४ एकक वेग देता येईल आणि ती १६ एकक उंच चढेल. फुकटात उंची मिळवून देणारे असे यंत्र लाइबनित्स यांना अशक्य वाटत होते. वेगाच्या वर्गावर आधारलेल्या या राशीला त्यांनी ‘सजीव बल’ म्हटले. तिची निम्मी किंमत म्हणजेच आजची गतिज ऊर्जा.

लाइबनित्स यांचीही श्रद्धा देकार्तइतकीच पक्की होती की सृष्टीत काहीतरी कायम राहते. मतभेद होता तो ते ‘काहीतरी’ कोणते याबद्दल, आणि हा मतभेद शास्त्रवचनांनी मिटणारा नव्हता. विलेम ग्रावेसांड यांनी १७२२ मध्ये वेगवेगळ्या वजनाचे पितळी गोळे मऊ मातीवर सोडून खळगे तपासले. हलक्या गोळ्याला त्या प्रमाणात जास्त उंचीवरून सोडले की खळगा जड गोळ्याइतकाच पडे. निकाल वेगाच्या वर्गाच्या बाजूने होता. देकार्तच्या राशीला दिशेची जोड दिली की ती संवेग बनते, आणि संवेगही अक्षय्य असतो, हे ख्रिस्तियान हायगेन्स आणि इतरांच्या टकरींवरील अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यामुळे देकार्त आणि लाइबनित्स या दोघांच्याही आग्रहात तथ्य होते; दोघे वेगवेगळ्या राशींबद्दल बोलत होते.

ईश्वराला चावी द्यावी लागते का?

टकरीत मऊ वस्तू थांबतात, चिखलात चेंडू रुततो. मग सजीव बल कुठे जाते? आयझॅक न्यूटन यांचे मत होते की जगातील गती सतत घटत असते आणि ती भरून काढणारी सक्रिय तत्त्वे निसर्गात असावी लागतात. ग्रहमालेची घडीही अधूनमधून नीट करावी लागेल, असे त्यांनी सुचवले होते. लाइबनित्स यांनी १७१५ मध्ये यावर टीका केली की, मग ईश्वराला आपल्या घड्याळाला वारंवार चावी द्यावी लागते, आणि हे तर अकुशल कारागिराचे लक्षण झाले. न्यूटन यांच्या बाजूने सॅम्युएल क्लार्क यांनी उत्तर दिले की, ज्या जगाला ईश्वराच्या हस्तक्षेपाची गरजच नाही, ते जग ईश्वराला हद्दपार करून जडवादाकडे नेते. दोन्ही पक्ष आस्तिक होते. एकाला अक्षय्यतेत ईश्वराचे कौशल्य दिसत होते, दुसऱ्याला त्याची गच्छंती.

याच पत्रव्यवहारात लाइबनित्स यांनी पुढे फार मोलाचे उत्तर दिले. मऊ वस्तूंच्या टकरीत सामर्थ्य नाहीसे होत नाही, ते त्यांच्या सूक्ष्म कणांत विखुरते. मोठ्या नाण्याची मोड करून घेतली तर पैसे कमी होत नाहीत, तसेच हे आहे. उष्णता म्हणजे कणांची गती, या पुढच्या काळातील सिद्धान्ताशी हे उत्तर जुळते. मात्र लाइबनित्स यांच्याकडे ती मोड मोजून दाखवण्याचे साधन नव्हते.

इच्छास्वातंत्र्य

अक्षय्यता मान्य केली की मनाचा प्रश्न उभा राहतो. हात उचलावा असे मनात आले आणि हात उचलला गेला. यात मनाने शरीराला नवी गती दिली असेल, तर विश्वातील बेरीज वाढली. लाइबनित्स यांच्या मते देकार्तनी यातून अशी वाट काढली होती की मन गतीचे प्रमाण बदलत नाही, केवळ दिशा वळवते. पण संवेगात दिशाही धरलेली असल्याने ही वाट बंद झाली. लाइबनित्स यांनी मन आणि शरीर यांच्यातला परस्परपरिणामच नाकारला. ईश्वराने दोहोंचा मेळ आरंभीच घालून दिला आहे, असे त्यांचे उत्तर होते.

एमिली द्यु शातले यांनाही हा प्रश्न सतावत होता. न्यूटन यांच्या ‘प्रिन्सिपिया’चा फ्रेंच अनुवाद करणाऱ्या आणि १७४० मधील आपल्या ग्रंथात सजीव बलाची बाजू समर्थपणे मांडणाऱ्या या विदुषीने १७३८ मध्येच एका पत्रात शंका नोंदवली होती. विश्वातील बलाचे प्रमाण कायम असेल, तर स्वतः गती सुरू करण्याचे माणसाचे स्वातंत्र्य उरते का, ही ती शंका.

तर्काच्या दृष्टीने पाहता एकटा नियम हा वाद संपवू शकत नाही. बाहेरून काही येत-जात नाही अशा बंदिस्त व्यवस्थेला तो लागू होतो, आणि मानवी शरीर मनापासून बंदिस्त आहे की नाही हाच तर वादाचा मुद्दा आहे. मात्र शरीराचा हिशेब प्रत्यक्ष तपासता येतो, आणि तो तपासला गेला आहे. जर्मनीत माक्स रुब्नर यांनी १८९४ मध्ये कुत्र्यांवरील मोजमापे प्रसिद्ध केली. पाठोपाठ अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणसांना बंद कक्षात ठेवून तशीच मोजमापे केली. अन्नातून आलेली ऊर्जा आणि शरीरातून बाहेर पडलेली उष्णता व केलेले कार्य यांचा मेळ मोजमापाच्या मर्यादेत बसला. वेगळ्या जीवनशक्तीने भरून काढावी अशी तूट सापडली नाही. इच्छा स्वतंत्र आहे की नाही हे यावरून ठरत नाही. एवढेच ठरते की, ती असेल तर शरीरात बाहेरून ऊर्जा ओतून ती काम करत नाही.

उष्णतेचा हिशेब

यांत्रिक ऊर्जेच्या सशर्त नियमाचा एकूण ऊर्जेचा नियम झाला तो १८४० च्या दशकात. युलिउस रॉबर्ट मायर हे डच जहाजावरचे डॉक्टर १८४० मध्ये जावा बेटावर पोहोचले. तेथे खलाशांच्या शिरांतील रक्त त्यांना नेहमीपेक्षा जास्त लाल दिसले. उष्ण हवेत शरीर ऊबदार राखायला कमी ज्वलन पुरते, म्हणून रक्तात प्राणवायू अधिक उरतो, असा अर्थ त्यांनी लावला. त्यावरून उष्णता आणि यांत्रिक कार्य एकमेकांत बदलतात या विचारापर्यंत ते आले. १८४२ मधील त्यांच्या लेखाचा पाया मात्र तात्त्विक होता : कारण आणि कार्य यांची मात्रा समान असते आणि शून्यातून काहीच उपजत नाही.

मँचेस्टरचे जेम्स ज्यूल यांचा भर मोजमापावर होता. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवून त्यांनी पाण्याचे तापमान किती वाढते ते पाहिले. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार १ पौंड पाणी १ अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ पौंड वजन १ फूट खाली यावे लागते. आजच्या एककांत १ कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल. ज्यूल हेही श्रद्धाळू होते. निसर्गातील मूळ शक्ती निर्मात्याच्या आज्ञेनेच अविनाशी आहेत, असे ते १८४३ मध्ये म्हणाले होते. परंतु देकार्तच्या आणि त्यांच्या श्रद्धेचा आशय बराच सारखा असूनही एकाची राशी चुकीची ठरली आणि दुसऱ्याची बरोबर. हा फरक वल्ह्यांच्या प्रयोगाने पडला. हेरमान हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ मध्ये, निरंतर गती अशक्य आहे या गृहीतावरून, यांत्रिकी, उष्णता, वीज आणि चुंबकत्व यांना कवेत घेणारी नियमाची गणिती मांडणी केली.

नियम की संकेत?

प्रत्येक वेळी तूट आली की ऊर्जेचा नवा प्रकार कल्पायचा आणि बेरीज जुळवायची, असे असेल तर हा नियम कधी खोटा ठरूच शकत नाही. आन्री प्वँकारे यांनी १९०२ मधील ‘विज्ञान आणि गृहीतक’ या पुस्तकात हाच धोका दाखवला. सर्वसाधारण रूपात नियमाचा आशय ‘काहीतरी कायम राहते’ एवढाच उरतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

या शंकेची परीक्षा बीटा किरणोत्सर्गात झाली. केंद्रकातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखी नसे आणि हिशेबात तूट दिसे. नील्स बोर हे नियम सोडून द्यायलाही तयार होते. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये सुचवले की उरलेली ऊर्जा एक न दिसणारा, विद्युतभारहीन कण घेऊन जातो. तो कण, म्हणजे न्यूट्रिनो, १९५६ मध्ये क्लाइड कोवन आणि फ्रेडरिक राइन्स यांनी वेगळ्या प्रयोगाने शोधून काढला. बेरीज जुळवण्यासाठी कल्पिलेली गोष्ट बेरजेबाहेरच्या पुराव्याने सिद्ध व्हावी लागते. ती तशी झाली, म्हणून हा नियम निव्वळ संकेत ठरत नाही.

नियमामागचे कारण गणितज्ञ एमी न्योथर यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयातून स्पष्ट झाले. निसर्गनियम काल होते तेच आज आणि उद्या असतील, तर त्यातून ऊर्जेची अक्षय्यता निघते. ते येथे आणि तेथे सारखेच असतील, तर संवेगाची. देकार्तनी अक्षय्यतेचे मूळ अपरिवर्तनीयतेत शोधले होते. ती दिशा योग्य होती, पण अपरिवर्तनीय मानायचे ते निसर्गनियम, आणि काळातील अपरिवर्तनीयतेशी जोडलेली राशी देकार्तची नव्हे, ऊर्जा.

प्रमेयातूनच नियमाची मर्यादाही कळते. प्रसरणशील विश्वाची भूमिती काळानुसार बदलत असते. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या प्रकाशकणांची ऊर्जा वाटेत घटते, आणि सर्वसाधारण सापेक्षतेत ‘विश्वातील एकूण ऊर्जा’ या शब्दांना सर्वत्र लागू पडेल असा नेमका अर्थ देता येत नाही. पाठ्यपुस्तकातील विधान प्रयोगशाळेत, यंत्रांत आणि शरीरात चोख आहे. संपूर्ण विश्वाबद्दल ते जपून करावे लागते.

आत्मा, सृष्टी आणि अंत

ऊर्जा नष्ट होत नाही, म्हणून मृत्यूनंतर आत्मा टिकतो, हा युक्तिवाद प्रवचनांत वारंवार येतो. तो दोन्ही बाजूंनी लंगडा आहे. ऊर्जेला मात्रा असते, ओळख नसते; भाकरीतून आलेला ज्यूल आणि डिझेलमधून आलेला ज्यूल यांत भेद करता येत नाही. मृत शरीरातील ऊर्जा रासायनिक बंधांत असते आणि दहनात किंवा विघटनात उष्णता होऊन पसरते. तिच्यासोबत व्यक्ती टिकते असे नियम म्हणत नाही. दुसरीकडे, भारतीय दर्शनांच्या स्वतःच्या भूमिकेशीही हा युक्तिवाद विसंगत आहे. सांख्यांचा पुरुष अकर्ता आणि निर्विकार आहे. वेदान्ताचा आत्माही विकाररहित आहे. ऊर्जेचा स्वभाव तर रूप बदलण्याचा. सांख्यांच्या मांडणीत तिला जागा द्यायचीच झाली तर ती प्रकृतीत द्यावी लागेल, म्हणजे आत्म्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला.

स्वामी विवेकानंदांनी फेब्रुवारी १८९६ मधील पत्रात असे लिहिले होते की, बल आणि जडद्रव्य ही दोन्ही स्थितिज ऊर्जेत विलीन होतात हे आपण गणिताने दाखवू शकू असे निकोला टेस्ला यांना वाटते, आणि तसे झाल्यास वेदान्ताच्या सृष्टिविचाराला भक्कम पाया मिळेल. वस्तुमान आणि ऊर्जा यांचे नाते १९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी वेगळ्या मार्गाने सिद्ध केले. त्यातून द्रव्य आणि ऊर्जा यांचा एक हिशेब झाला. ब्रह्माबद्दल त्याने होकार किंवा नकार दिला नाही.

सृष्टीच्या आरंभाबाबतही नियम मौन पाळतो. एका क्षणाची बेरीज दुसऱ्या क्षणाच्या बेरजेइतकी असते, असे तो सांगतो. पहिला क्षण होता की नाही, आणि असल्यास ती बेरीज कुठून आली, हे नाही. अनादी विश्व मानणारे आणि निर्मित विश्व मानणारे दोघेही तो सारख्याच निश्चिंतपणे मान्य करू शकतात.

अक्षय्यता म्हणजे शाश्वत चैतन्य, हा अर्थही टिकत नाही. विल्यम थॉमसन म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये दाखवून दिले की उपयोगी यांत्रिक ऊर्जा निसर्गात सतत विखुरत जाते. रुडोल्फ क्लाउझियुस यांनी १८६५ मध्ये त्यासाठीच्या राशीला एन्ट्रॉपी हे नाव दिले. जमिनीवर आदळलेल्या दगडाचे ४०० ज्यूल कायम असतात, पण तापलेल्या मातीतून ते परत गोळा होऊन दगड आपण होऊन २० मीटर वर उडत नाही. मात्रा टिकते आणि कार्य करून घेण्याची क्षमता घटते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ऊर्जेवरून धर्म किंवा तत्त्वज्ञान याबद्दल काही म्हणायचे झाल्यास यांपैकी एकच निवडून चालत नाही.